कोडिंगमध्ये जोड्या मोजताना जी चूक होते, तिच्यावरचा उपाय भास्कराचार्यांनी सहा चवींवर समजावला होता

समजा, तुमच्या गावात आठ टीमची क्रिकेट स्पर्धा आहे. प्रत्येक टीमने बाकीच्या सगळ्यांशी एकेकदा खेळायचं आणि वेळापत्रक लावायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. तुम्ही नुकतंच कोडिंग शिकलाय म्हणून जोशात एक छोटा प्रोग्राम लिहिता. यादीतली एक टीम उचल, तिच्यासमोर यादीतली प्रत्येक टीम ठेव. रन केला की स्क्रीनवर ६४ मॅच येतात.

त्यातल्या आठ मॅचमध्ये टीम स्वतःशीच खेळतेय. उरलेल्या ५६ मध्ये प्रत्येक सामना दोनदा आलाय. एकदा वाघोली विरुद्ध खराडी आणि एकदा खराडी विरुद्ध वाघोली.

मग कोणीतरी सीनियर येतो आणि सांगतो, अरे, दुसरा लूप पहिल्यापासून नाही सुरू करायचा, पहिल्याच्या पुढच्या नावापासून सुरू करायचा. मागे वळून बघायचंच नाही. एवढं केलं की बरोबर २८ मॅच उरतात. दुबार एकही नाही आणि सुटलेली एकही नाही. आयपीएलमध्ये आठ टीम असायच्या तेव्हा साखळीत ५६ मॅच व्हायच्या त्या यामुळेच. जोड्या २८ आणि प्रत्येक जोडी दोनदा, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या.

पायथॉन वापरणाऱ्यांना तर एवढंही करावं लागत नाही. आयटरटूल्समधलं कॉम्बिनेशन्स नावाचं फंक्शन एका ओळीत जोड्या काढून देतं.

पण हाच २८ चा आकडा इसवी सन ११५० मध्ये लिहिलेल्या एका पुस्तकात सापडतो. तिथे क्रिकेट नाही, एका राजाचा महाल आहे. महालाला आठ दारं आहेत. एक दार उघडं ठेवायचे प्रकार किती, दोन उघडी ठेवायचे किती, तीन उघडी ठेवायचे किती, असा प्रश्न आहे. एका दाराचे ८, दोन दारांचे २८, तीन दारांचे ५६, चारांचे ७०, मग परत ५६, २८, ८ आणि शेवटी आठही दारं उघडी असा १. एकूण २५५.

पुस्तकाचं नाव लीलावती आणि लिहिणाऱ्याचं नाव भास्कराचार्य.

ज्योतिषांचं घर, सह्याद्रीची कूस

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. हे आपल्याला कळतं कारण त्यांनी स्वतःच ते लिहून ठेवलंय. वयाच्या ३६ व्या वर्षी आपण सिद्धांतशिरोमणी रचला, हेही त्यांनीच सांगितलंय. जुन्या काळातल्या विद्वानांच्या बाबतीत असा नेमका हिशोब मिळणं तसं दुर्मिळ. एकेकाच्या बाबतीत दोन-दोनशे वर्षांचे वाद असतात.

गावाचं नाव त्यांनी विज्जडविड असं दिलंय आणि ते सह्याद्रीच्या आश्रयाने वसलंय असंही सांगितलंय. आता हे विज्जडविड म्हणजे नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. काही जण विजापूरकडे बोट दाखवतात, काही जण खानदेशातल्या चाळीसगावजवळच्या पाटणकडे. खानदेशवाल्यांच्या बाजूने एक भक्कम दगड उभा आहे, त्याच्याकडे पुढे येऊच.

गोत्र शांडिल्य, वडिलांचं नाव महेश्वर. महेश्वर स्वतः ज्योतिषाचे जाणकार होते आणि मुलाचे गुरूही तेच. त्या काळात ज्योतिष म्हणजे फक्त कुंडली नव्हे. ग्रह कुठे असतील, ग्रहण कधी लागेल, पंचांग कसं बसवायचं, हे सगळं त्यात आलं आणि त्यासाठी तगडं गणित लागायचं. मुलगा त्या गणितातच वाढला.

सिद्धांतशिरोमणीचे चार भाग आहेत. लीलावतीत अंकगणित आणि भूमिती, बीजगणितात नावाप्रमाणे बीजगणित, ग्रहगणितात ग्रहांचे हिशोब आणि गोलाध्यायात गोलाचं शास्त्र. यातला बीजगणिताचा भाग जगभरात गाजला तो चक्रवाल पद्धतीमुळे. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवा, अशी संख्या कोणती? भास्कराचार्यांचं उत्तर २२,६१,५३,९८० आहे. फ्रान्सच्या फर्माने हेच कोडं १६५७ साली युरोपातल्या गणितज्ञांना घातलं होतं.

घराघरांत मात्र पोचली लीलावती, कारण तिच्यात हंस आहेत, भुंगे आहेत, कमळं आहेत, मोराने पकडलेला साप आहे आणि स्वयंपाकघरही आहे.

सहा चवी, पंधरा जोड्या

गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. आपल्याकडचे हे षड्रस. लीलावतीत भास्कराचार्य विचारतात की या सहा चवी एक-एक, दोन-दोन, तीन-तीन अशा एकत्र करून पदार्थ बनवला तर किती प्रकार होतील.

हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून पहिल्यांदा निघाला असं अजिबात नाही. चरकसंहितेत तो त्यांच्या कैक शतकं आधी येऊन गेलाय. आयुर्वेदाच्या वैद्याला कोणत्या चवींचं मिश्रण काय परिणाम करतं हे माहीत असावं लागतं, म्हणून तिथे ही मोजणी आहे. आणि तिची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी गोड घ्या आणि त्याची बाकीच्या पाचांशी जोडी लावा. मग आंबट घ्या, पण गोडाशी जोडी झालेली आहे, म्हणून उरलेल्या चारांशीच लावा. मग पुढच्या चवीची तीनांशी, मग दोनांशी, मग एकाशी. पाच, चार, तीन, दोन, एक, मिळून पंधरा.

ओळखीचं वाटतंय ना? तो सीनियर जो मागे वळून बघायचं नाही म्हणाला होता, ती हीच युक्ती. आजच्या भाषेत आत-बाहेरचे दोन लूप आणि आतला लूप बाहेरच्याच्या एक पाऊल पुढून सुरू.

या पद्धतीत एकच अडचण आहे. जोड्या किती हे कळायला त्या सगळ्या लिहून काढाव्या लागतात, निदान मनात तरी. दोन-दोनच्या जोड्यांपर्यंत ठीक आहे. तीन-तीन आणि चार-चारचे गट करायला लागलो की वहीची पानं भरतात आणि कुठेतरी एखादा गट दोनदा लिहिला जातो किंवा निसटतो.

लीलावतीतला नियम हे लिहून काढणंच टाळतो. एका ओळीत उलटे आकडे लिहा: ६, ५, ४, ३, २, १. त्याच्या खाली सुलटे: १, २, ३, ४, ५, ६. आता डावीकडून चालू लागा. वरच्याने गुणायचं, खालच्याने भागायचं आणि आलेलं उत्तर घेऊन पुढच्या घरात जायचं.

६ ला १ ने भागलं, ६. एकेक चवीचे प्रकार सहा.
६ ला ५ ने गुणलं, २ ने भागलं, १५. दोन चवींच्या जोड्या पंधरा.
१५ ला ४ ने गुणलं, ३ ने भागलं, २०. तीन-तीनचे वीस.
मग १५, मग ६ आणि शेवटी सहाही चवी एकत्र असा १. बेरीज ६३.

यातलं २ ने भागणं म्हणजे आपल्या ५६ मॅचवरचा उपाय. पहिली चव निवडायचे सहा मार्ग, दुसरी निवडायचे पाच, म्हणजे तीस. पण गोड-आंबट आणि आंबट-गोड हे दोन्ही त्या तिसात मोजले गेलेत आणि ताटात तर ती एकच चव आहे. म्हणून निम्मे करायचे. तीन चवींचा गट सहा वेगवेगळ्या क्रमांनी मोजला जातो म्हणून तिथे एकूण भागाकार सहाचा होतो, आधी दोनाने आणि मग तिनाने. एक अपूर्णांक कुठे येत नाही.

हा नियमही भास्कराचार्यांच्या आधी श्रीधर आणि महावीर या गणितज्ञांनी दिलेला होता. वराहमिहिराने सहाव्या शतकात सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडून १८२० अत्तरं होतात असं सांगितलं होतं. भास्कराचार्यांनी हे लपवलेलं नाही. बीजगणिताच्या शेवटी ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची नावं घेऊन आपण त्यांच्या मोठ्या ग्रंथांतून सार काढलंय असं ते सरळ सांगतात. व्हॉट्सअॅपवर भास्कराचार्यांच्या नावाने जे फॉरवर्ड फिरतात त्यांत जगातलं निम्मं गणित त्यांच्या एकट्याच्या खात्यावर टाकलेलं असतं. त्यांनी स्वतः तेवढं कधीच मागितलं नव्हतं.

त्यांचं काम वेगळं होतं. चवींचा नियम वैद्यकाच्या ग्रंथात होता, अत्तराचा अत्तराच्या प्रकरणात, लघु-गुरूंचा छंदशास्त्रात. लीलावतीत हे सगळं एका नियमाखाली येतं आणि हा नियम छंदाला, वास्तुकलेला आणि वैद्यकाला सारखाच लागू पडतो हे नाव घेऊन सांगितलं जातं. आज एकच फंक्शन क्रिकेट टीमच्या यादीलाही चालतं आणि किराणामालाच्या यादीलाही, तसंच ते.

तुमच्या फोनच्या स्क्रीनवरचा आकडा

छंदाचं उदाहरण तर खासच आहे. गायत्री छंदाच्या एका चरणात सहा अक्षरं धरलीत. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू. एक गुरू असलेले प्रकार सहा, दोन गुरू असलेले पंधरा, असं करत सगळे मोजले आणि एकही गुरू नसलेला एक धरला की ६४ होतात. चार चरणांच्या पूर्ण श्लोकात २४ अक्षरं, तर त्याचे एकूण प्रकार किती? भास्कराचार्य उत्तर देतात १,६७,७७,२१६.

हा आकडा तुम्ही पाहिलेला आहे. मोबाइलच्या जाहिरातीत स्क्रीन १.६७ कोटी रंग दाखवते असं लिहिलेलं असतं ना, तो हाच. रंग साठवायला २४ बिट लागतात आणि प्रत्येक बिट शून्य किंवा एक. लघु-गुरू म्हणा किंवा शून्य-एक म्हणा, हिशोब एकच.

छंदशास्त्रात सगळे प्रकार क्रमाने लिहून काढण्याला प्रस्तार म्हणतात, ही पिंगलाच्या काळापासूनची पद्धत. आता हा २४ अक्षरांचा प्रस्तार कोणी लिहायला घेतला आणि झोप न घेता सेकंदाला एक ओळ लिहिली, तरी साधारण १९४ दिवस लागतील. नियमाने उत्तर काही मिनिटांत येतं.

प्रोग्रामर लोक आजही इथेच फसतात. दहा हजार ग्राहकांच्या यादीतून प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची असेल तर जोड्या होतात ४,९९,९५,०००. लॅपटॉप ते ओढून नेतो. यादी एक लाखाची झाली की जोड्या ४,९९,९९,५०,०००, म्हणजे जवळपास पाचशे कोटी. यादी दहापट झाली आणि काम शंभरपट. सगळ्या जोड्या मेमरीत भरायचा प्रयत्न केला तर मशीन आडवं होतं. आधी दोन मिनिटं मोजलं असतं तर ते कळलं असतं.

एकाच यादीत तीन पाच

लीलावतीचं शेवटचं प्रकरण अंकपाश. पाश म्हणजे फास. इथे गुणाकार विचारलेला नाही, भागाकार नाही, वर्ग नाही, घन नाही, तरी गर्विष्ठ गणकांची पोरं यात हमखास अडकतात, असा टोमणा भास्कराचार्यांनी प्रकरणाच्या शेवटी मारून ठेवलाय.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ वगैरे दहा वस्तू आहेत. त्या एकमेकांत बदलल्या तर मूर्तीचे किती प्रकार होतील? ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा, पद्माचे २४.

मग येतो खरा फास. ४, ८, ५, ५, ५ हे पाच अंक घेऊन पाच अंकी संख्या किती बनतील? पाच वेगवेगळे अंक असते तर १२०. पण तीन पाच एकसारखे आहेत, त्यांची आपसांत अदलाबदल केली तरी संख्या तीच राहते. म्हणून १२० ला ६ ने भागायचं, उत्तर २०. यादीत एकच नाव तीनदा असेल तर जोड्या काढण्याआधी ते कसं हाताळायचं, हा प्रश्न डेटावर काम करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. एक्सेलमध्ये एकाच माणसाचं नाव तीनदा आलेलं कोणी पाहिलं नाही?

आणखी एक प्रश्न असा आहे की पाच अंकांची बेरीज १३ यावी, शून्य वापरायचं नाही, तर अशा संख्या किती? उत्तर ४९५. आणि ते निघतं वरच्याच गुणा-भागाच्या नियमाने, बारातून चार निवडून. इथवर येऊन भास्कराचार्य थांबतात. गणिताच्या समुद्राला अंत नाही, ग्रंथ वाढेल म्हणून थोडक्यात सांगितलं, असं त्यांचं म्हणणं.

लीलावती कोण होती?

ती गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेत वैधव्याचा योग होता. वडिलांनी एकच शुभ घटका शोधली आणि ती चुकू नये म्हणून पाण्यात घटिकापात्र ठेवलं. मुलगी कुतूहलाने वाकून बघायला गेली, तिच्या दागिन्यातला एक मोती निसटला आणि भांड्याचं भोक बुजलं. पाणी आत येईना, घटका टळली. मग वडिलांनी तिचं नाव अजरामर व्हावं म्हणून ग्रंथाला ते नाव दिलं.

ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती अकबराच्या दरबारातला कवी फैजी याच्याकडून. त्याने १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं आणि प्रस्तावनेत ती लिहिली. म्हणजे मूळ ग्रंथानंतर तब्बल ४३७ वर्षांनी. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लिखाणात ना मोती आहे, ना लग्न. काही उदाहरणांत ते बाले म्हणून हाक मारतात, काहींत मित्रा म्हणून, काहींत गणका म्हणून. ज्या माणसाने आयुष्यभर ग्रहणांच्या वेळा मोजल्या, त्याची एक वेळ मोत्याएवढ्या वस्तूने चुकवली, ही कल्पना इतकी चटका लावणारी आहे की लोकांनी पुरावा मागितलाच नाही.

पुराव्याने सांगता येतं ते असं: लिहिणं त्यांनी सोडलं नाही. स्वतःच्या ग्रंथावर वासनाभाष्य नावाची टीका त्यांनी लिहिली, ज्यात नियमांमागची कारणं आहेत. आणि ११८३ सालच्या हिशोबाने करणकुतूहल रचलं. वय वर्षं ६९. पंचांग करणाऱ्यांना सोपं जावं म्हणून केलेलं हे छोटं पुस्तक.

नातवाने काय केलं?

मुलगा लक्ष्मीधर. यादव राजा जैत्रपालाने त्याची कीर्ती ऐकून त्याला पाटणहून नेलं आणि पंडितांमध्ये अग्रस्थान दिलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव, तो सिंघण यादवाचा राजज्योतिषी. भास्कराचार्यांच्या भावाचा, श्रीपतीचा नातू अनंतदेव हाही सिंघणाच्याच पदरी होता. त्याचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यातल्या बहाळला आहे.

चांगदेवाने ठरवलं की आजोबांचं काम शिकवलं गेलं पाहिजे. त्याने पाटणला एक मठ काढला. तिथे सिद्धांतशिरोमणी आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवायचे, हाच त्या मठाचा उद्देश. नुसते शब्द देऊन मठ चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. तिथले निकुंभ घराण्यातले राजे सोइदेव आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी त्याला दान दिलं.

पुढे हे ग्रंथ कुठे कुठे गेले ते बघा. १३५६ मध्ये नारायण पंडिताने गणितकौमुदीत अंकपाश आणखी वाढवला आणि सगळे क्रम एकामागून एक कसे काढायचे याची रीत दिली. आजची कॉम्प्युटरची पुस्तकं हा विषय सांगताना त्याचं नाव घेतात. १५४५ मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी लीलावतीवर बुद्धिविलासिनी टीका लिहिली. मग फैजी. १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलरचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये कोलब्रुकचं.

आणि पाटणचा मठ? तो काळाच्या ओघात विसरला गेला. चाळीसगावजवळ, गौताळा अभयारण्याच्या जंगलात पाटणादेवीचं देऊळ आहे. तिथला शिलालेख मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याबद्दल लिहिलं. मघाशी म्हटलेला दगड तो हाच. त्यात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत नऊ पिढ्यांची नावं आहेत, बरोबर मधोमध नाही, पण सातव्या जागी भास्कर.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. काळ शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, इसवी सन १२०७. त्या दिवशी चंद्रग्रहण होतं, ज्योतिषांच्या घराने दानासाठी याहून चांगला मुहूर्त काय निवडला असता! मठाचा रोजचा खर्च कसा निघायचा हा भाग मात्र लेखात त्या वेळच्या मराठीत कोरलाय, गावातल्या माणसाला कळावा असा. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला निघेल, त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला द्यायचा. आणि गावात तेलाचे जेवढे घाणे चालतील, तेवढ्या घाण्यांमागे एकेक पळी तेल.